ऐकीव समीक्षा

आमची मंडळी नाटक पाहावयास जातात आणि ऐकून परत येतात. दुसऱ्या दिवशी चर्चा होते ती संवादांची. आरंभी रंगमंचावर काय दिसले, हे कोणास आठवत नाही. दूरचित्रवाणी घरात आली, तरी ही खोड गेली नाही. मालिकेचे परीक्षण म्हणजे कथानकाचा सारांश आणि दोन चुरचुरीत वाक्ये! अशा समीक्षेस आम्ही ऐकीव म्हणतो.

तंजावरात राहून ही उणीव अधिकच जाणवते. मराठी नाटकाचा आरंभ १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने झाला, की १६९० च्या सुमारास येथील शहाजीराजांच्या ‘लक्ष्मीनारायण कल्याणा’ने, हा वाद जुना आहे. एक पक्ष सरस्वती महालातील पोथ्या पुढे करतो. दुसरा विचारतो, त्या पोथ्यांची परंपरा पुढे चालली कोठे? उत्तर पोथीत सापडणारे नाही. ते पाहावे लागते.

तंजावरजवळच्या मेलत्तूर गावी नृसिंहजयंतीस रात्री भागवतमेळा उभा राहतो. नाटकाची भाषा तेलुगू, प्रेक्षक तमिळ. कथा सुरू होण्यापूर्वी कोणंगी, म्हणजे विदूषक, नाचत येतो. मागाहून हत्तीचा मुखवटा घातलेला लहान मुलगा गणपती होऊन येतो. आता भाव्यांचा खेळ आठवावा: सूत्रधाराचे मंगलाचरण, विदूषक, सोंडेचा गणपती, मोरावरची सरस्वती. भाव्यांपुढे कर्नाटकातील भागवत मंडळींचा नमुना होता, हे सर्वश्रुत आहे. तंजावर सांगलीचे जनक, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दोहोंचे कूळ एक, ही गोष्ट या आरंभावरून दिसते.

या सोंगांना कोणी बालिश म्हणेल. पण मुखवट्याआड कोणाचा मुलगा आहे हे गावास ठाऊक असणारच, आणि तरीही हात जोडले जातात. खोटे आहे हे जाणून खरे मानण्याचा हा नाट्यातील मूळ करार एकाही संवादावाचून होतो. १८८० मध्ये किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त साकार देवतांच्या जागी गायिलेली नांदी आली. गाणे थोर खरे. पण आमच्या मते आरंभ पाहण्याची सवय तेथेच सुटली.

म्हणून १९८८ मध्ये दूरदर्शनवर चोप्रांचे ‘महाभारत’ सुरू झाले, तेव्हा आमच्या लक्षात राहिला तो हरीश भिमाणींचा आवाज. तारकांच्या अवकाशात फिरणाऱ्या चक्राकडे कोणी पाहिले? त्या काळाला चेहरा नाही, म्हणून त्यास पक्षही नाही. तो कौरवांचा नव्हे, पांडवांचाही नव्हे. हा अर्थ हिंदीचा गंध नसलेल्यासही कळावा, असा त्या चित्रातच होता.

अर्थ शब्दांतच असतो, म्हणणाऱ्यांनी एकदा परप्रांती बदली घेऊन पाहावी. नव्या कचेरीत पाऊल टाकताच, भाषा कळण्यापूर्वी, कोणाची खुर्ची कोठे आहे आणि कोण उभा आहे यावरून सत्ता कोणाच्या हाती आहे, हे आपण सारेच ओळखतो. पोट भरण्यासाठी वापरतो ती नजर नाटकापुढे मिटून का घ्यावी?

ज्यास पहिला प्रवेश पाहावयाचा नाही, त्याने शेवटच्या वाक्यास टाळी खुशाल द्यावी. परीक्षण मात्र लिहू नये.