मुठीवरचं सोनं

मित्रांनो, दसऱ्याला आपण वर्कशॉपमधल्या लेथला झेंडू, लिंबू बांधतो. ताईतच तो! पण वर्षभर तेल कोण घालतं?

२०२५ साली राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाखांना परत आणली. आमची चामोर्शी ज्या चांदा मुलखात, तो याच नागपूरकर भोसल्यांकडे होता. मुठीवर सोन्याची कोफ्तगरी आहे: पोलाद खरवडून खडबडीत करायचं, सोन्याची तार ठोकून बसवायची. ना डिंक, ना वेल्डिंग! पात्यावर सोन्यात नाव.

सोन्याने धार वाढत नाही, कबूल. पण त्या नावामुळेच तलवारीची ओळख टिकली. श्रद्धा असू द्या. आपल्या जॉबवर नाव टाकताना लाज वाटणार नाही, एवढं काम मात्र नीट करूया. पटतंय ना?