बॅटमॅनचे दोन मुखवटे

१९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात अवतरलेला बॅटमॅन मुळात अंधारात वावरणारा कठोर नायक. १९६६ साली अमेरिकी दूरचित्रवाणीने त्याला भडक रंगांत न्हाऊ घातले. ठोसा बसताच पडद्यावर अक्षरे झळकत आणि ॲडम वेस्ट अत्यंत गंभीर मुद्रेने नागरिकशास्त्राचे धडे देत. तिकडे ज्याला ‘कॅम्प’ म्हणतात, ती हीच जाणीवपूर्वक अतिशयोक्ती. तिला हीन लेखण्याचे कारण नाही; १२० भागांच्या त्या मालिकेला आपण काय करीत आहोत, हे पक्के ठाऊक होते. १९९७च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ला ते नव्हते. आजारी आल्फ्रेडसाठी प्रेक्षकाने हळहळावे आणि लगेच श्वार्झनेगरच्या बर्फावरील कोट्यांना हसावे, ही धरसोड कोणालाच रुचली नाही.

ख्रिस्तोफर नोलन यांनी २००५पासून वास्तवाची कास धरली. ‘द डार्क नाइट’साठी (२००८) शिकागोच्या रस्त्यावर खराखुरा मालट्रक उलथविला गेला. पण वास्तववाद म्हणजे एवढेच नव्हे, आणि काळोखे छायाचित्रण तर नव्हेच (अनुकरण करणाऱ्यांनी नेमके तेवढेच उचलले!). जोकरच्या शोधासाठी बॅटमॅन शहरातील प्रत्येक भ्रमणध्वनीला हेरगिरीचे साधन बनवितो, तेव्हा त्याचाच सहकारी ल्युशियस फॉक्स एका माणसाच्या हाती एवढी सत्ता नको, असे बजावतो. १९६६च्या मालिकेत हा प्रश्न उद्भवूच शकत नव्हता; तेथे पोलीस आयुक्त लाल दूरध्वनी उचलीत आणि नायकाच्या अधिकाराविषयी कोणालाच शंका नसे. नोलन यांच्या चित्रपटात ते यंत्र अखेरीस नष्ट होते खरे, पण तोवर त्याच यंत्राच्या बळावर जोकर हाती लागलेला असतो.