शिकाऱ्याची पहाट आपल्या मुलांना द्या



आजचा विषय वाचून काही जणी नाक मुरडतील, हे मला माहीत आहे. तरी शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडा.

माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. शेजारच्या बारा वर्षांच्या मुलाने आयुष्यातली पहिली रानटी टर्की मारली होती आणि त्याचे वडील मोबाईलमधला फोटो दाखवायला याच्या दारात उभे होते. डोळ्यांत पाणी, कौतुकाचं. भाचा घरात कांदा-लसूण न आणणारा. "मामी, मी 'छान' म्हणू शकलो नाही आणि तोंडावर दार लावणंही जमेना. शेवटी विचारलं, किती वाजता उठला होतात?"

मला हा प्रश्न फार आवडला. कारण त्यानंतर तो गृहस्थ पाऊण तास बोलत राहिला म्हणे. पहाटे चारला उठणं, थर्मासमधली कॉफी, शेताच्या कडेला ओकच्या बुंध्याला पाठ लावून अंधारात बसणं. टर्कीची नजर फार तीक्ष्ण असते, नुसती मान हलली तरी ती पसार होते, म्हणून झाडपाल्याच्या रंगाचे कपडे घालून दगडासारखं बसायचं. हातात एक छोटी लाकडी पेटी असते, तिचं झाकण खडूने घासलेल्या कडेवरून ओढलं की मादीसारखा आवाज निघतो. लांबून नर ओरडून उत्तर देतो. मग तो झाडावरून उतरतो, पिसारा फुलवतो, एकेक पाऊल टाकत येतो. मुलाचे हात थरथरत होते. वडिलांनी खांद्यावर हात ठेवला होता. त्या वडिलांना स्वतःच्या वडिलांचा हात आठवत होता, तीस वर्षांपूर्वीचा. पिसाऱ्याचा पंखा आणि छातीवरचे दाढीसारखे केस आता भिंतीवर लावणार आहेत.

या सगळ्या हकिकतीत बंदुकीची गोळी किती वेळ होती? एक वाक्य. बाकी सगळी पहाट, थंडी, वडील आणि आवाज.

हे मी आधीही ऐकलं होतं, पण अमेरिकेतल्या माणसाकडून नव्हे. आमच्या शेतावर, धरणाच्या फुगवट्याकडच्या बाजूला, एक पारधी जोडपं राखणीला आहे. बाबांनी सत्तरी ओलांडली आहे. हुरड्याच्या दिवसांत एकदा शेकोटीला बसल्यावर मी त्यांना विचारलं होतं, "बाबा, पहिला पक्षी कधी धरला?" माणूस एकदम पोरगा झाला. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे वडिलांनी कसे वळायला शिकवले, ते ओळीने जमिनीत कसे रोवायचे, पाळलेला तित्तर पिंजऱ्यात घालून बांधाला ठेवला की तो कसा साद घालतो आणि रानातला तित्तर भांडायला कसा धावत येतो, सगळं हातवारे करून सांगितलं. थंडीचे दिवस, अंगावर फाटकी गोधडी, हलायचं नाही, खोकायचंही नाही. "मग घावला, बाई. मुठीत धरला तर त्याचं काळीज ह्या बोटाला लागत व्हतं. असं, टक टक टक." अंगठा दाखवून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी घरात कालवण झालं. मायनं पहिला तुकडा मला दिला."

सख्यांनो, तो तुकडा खाऊ नये असं मी त्या पोराला कोणत्या तोंडाने सांगणार? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा केला आणि पुढे एकेक जमात त्याखाली जन्मतःच गुन्हेगार ठरवली. पारध्यांवरही तो शिक्का बसला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, लोकांच्या मनातून मात्र अजून गेलेला नाही. ज्यांना शेत नाही, गावात घर नाही, पोलीस केव्हा उचलतील याचा नेम नाही, त्यांची शिकार आणि हौसेची शिकार मी एका तराजूत घालणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने दोन्ही बंद केल्या. ते योग्यच झालं. पण हौसेवाल्याने बंदूक कपाटात ठेवली आणि घरी जेवला. पारध्याच्या चुलीचं काय, हे फारसं कुणी विचारलं नाही.

आता आपल्या बाजूने बोलते. शिकार आपल्याकडे सप्तव्यसनांत मोजली आहे, जुगार आणि मद्याच्या रांगेत. लहानपणी पाठशाळेत मला याचं आश्चर्य वाटायचं. पाप म्हणा, पण व्यसन कसं? त्या विस्कॉन्सिनच्या बापाचं ऐकल्यावर मला आचार्यांची नजर कळली. पहिली शिकार माणूस विसरत नाही, आणि ती पहाट पुन्हा मिळावी म्हणून दरवर्षी जातो. दारूसारखंच आहे ते, पहिल्या घोटाची आठवण पुढचे घोट पाजते. श्रावकाच्या हिंसेचे चार प्रकार आपण शिकतो: आरंभी, उद्योगी, विरोधी, संकल्पी. स्वयंपाक, शेती, स्वरक्षण यांतली हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. संकल्पी मात्र पहिल्याच पायरीवर सोडायची. ठरवून, जिवावर नेम धरून मारणं. यात मला तडजोड नको आहे.

भाच्याने मात्र एक पेच टाकला. तो म्हणाला, मामी, इथे टर्की संपत आली होती. विस्कॉन्सिनमधून तर पूर्ण गेली होती. १९७६ मध्ये मिसुरी राज्यातून पक्षी आणून सोडले आणि आज त्या राज्यात लाखोंनी आहेत. आणि हे काम मुख्यतः शिकाऱ्यांच्या पैशातून झालं. शिकारीचा परवाना, शिवाय १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरचा खास कर, तो सगळा वन्यप्राण्यांच्या कामालाच जातो. "आपण किती दिले, मामी?"

प्रश्न बोचरा आहे, आणि खोटा नाही. माझं उत्तर असं, की संख्या वाढली म्हणून मारलेल्या एका जिवाचा हिशेब फिटत नाही. प्रत्येक जीव स्वतःचा, हे मानतो म्हणून तर आपण पाणी गाळतो. पण त्या शिकाऱ्यांनी जे केलं ते फक्त पैशाने झालेलं नाही. त्यांना टर्की माहीत होती. कुठे झोपते, काय खाते, कोणत्या आवाजाला येते. माहीत होती म्हणून नाहीशी झाल्यावर लक्षात आलं. आपल्या माजलगावात उद्या तित्तर ओरडायचा थांबला, तर आपल्यापैकी कितीजणींना कळेल? आपली मुलं मुंगी ओलांडून जातात, बटाटा ताटाबाहेर काढतात, कंदमुळांची यादी घडाघडा म्हणतात. पाच पक्ष्यांची नावं विचारा. चिमणी, कावळा, पोपट, मोर, आणि पाचव्याला मोबाईल उघडतात. ज्याची ओळखच नाही त्याच्यावर दया कशी करायची? ती दया पाठ केलेली राहते.

मुंबईच्या सलीम अलींची गोष्ट यासाठीच मुलांना सांगते. खेतवाडीत राहणारा दहा-बारा वर्षांचा पोरका मुलगा, छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडतो. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसतो. नेहमीची चिमणी नाही, मग ही कोणती? मामा अमिरुद्दीन तय्यबजी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवतात. ते पक्षी ओळखतात, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवतात. तिथून पुढे भारतातला सर्वात मोठा पक्षीतज्ज्ञ घडला. १९८५ मध्ये आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याचं नावही त्या चिमणीच्या पडण्यावरूनच ठेवलं. अभ्यासासाठी ते पुढेही पक्षी मारत राहिले, हे मी मुलांपासून लपवत नाही. पण मिलार्ड साहेबांनी त्या दिवशी पोराला हाकलून दिलं असतं तर?

म्हणून मी आमच्या महिला मंडळात सुचवलं, की पाठशाळेच्या मुलांना रविवारी पहाटे धरणाच्या काठाला नेऊ आणि बाबांना सोबत घेऊ. गोंधळ झाला! एक काकू म्हणाल्या, "शिकाऱ्याच्या हाताखाली आपली मुलं? अहिंसा शिकायला?" दुसरी काहीच बोलली नाही, पण पारधी म्हटल्यावर तिने पर्स जवळ ओढली. ते मला जास्त लागलं.

मी त्यांना पुरूरवा आठवून दिला. उत्तरपुराणातला, आपल्या सर्वांच्या ऐकण्यातला. भिल्लांचा प्रमुख, हातात धनुष्य. वाट चुकलेले सागरसेन मुनी झाडीतून दिसले, त्याला हरीण वाटलं, बाण चढवला. बायको कालिका शेजारी होती. ती म्हणाली, थांबा, हे वनदेवता आहेत. बाण खाली आला. मुनींनी त्याला तोंड फिरवून दाखवलं नाही, त्याच्याशी बोलले, आणि मद्य-मांस-मधाचा त्याग त्याने तिथे घेतला. हाच जीव पुढे कितीतरी भव फिरून वर्धमान झाला. महावीरांच्या भवांची गोष्ट आपण एका शिकाऱ्यापासून सांगायला लागतो, आणि त्याच्या हातातला बाण बाईच्या शब्दाने थांबलेला आहे. (प्रवचनात कालिकेचं नाव अर्ध्या ओळीत उरकतात. पुढच्या वेळी तुम्ही विचारा, ती कोण होती.)

काकूंनी मान हलवली नाही, पण नातवाला पाठवलं.

बाबांचा आपल्याला दुसरा एक उपयोग आहे आणि तो थेट धर्माचा आहे. आपल्या मुनी-आर्यिकांची पिच्छी मोरपिसांची. टर्की आणि मोर एकाच कुळातले, कोंबडीच्या जातकुळीचे. तिकडे पिसारा भिंतीवर जातो तो मारून, इकडे पिच्छीत जातो तो आपोआप गळलेला असावा, एवढ्या एका अटीवर सगळं उभं आहे. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी. आपल्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, नायगावचं मयूर अभयारण्य आहे. पण बाजारातून जुड्या येतात तेव्हा पीस कुठून आलं हे पाहतो कोण? बाबांनी देठ बघायला शिकवलं. विणीचा हंगाम सरला, पाऊस ओसरू लागला की मोर पिसारा टाकतो. आपणहून गळलेल्या पिसाचं टोक कोरडं, स्वच्छ. उपटलेल्या पिसाच्या टोकाला रक्ताचा काळसर डाग किंवा मांसाचा धागा चिकटलेला असतो. चातुर्मासानंतरच्या पिच्छी परिवर्तनाची तयारी ज्या ज्या मंडळात चालते, तिथे एकेक देठ उजेडात धरून बघा. पूर्वी ज्याने पक्षी धरले त्याला ही नजर आहे, आपल्याला ती त्याच्याकडून घ्यावी लागेल.

तीन रविवार झाले. पहिल्या रविवारी मुलं इतकी बोलत होती की टिटवीशिवाय काही दिसलं नाही, आणि टिटवी तरी आपल्यावरच ओरडत होती. बाबांनी त्यांना बाभळीला पाठ लावून बसवलं. "हलला तो हरला." अठ्ठेचाळीस मिनिटं सामायिकाला बसा म्हटलं की ज्यांच्या पायाला मुंग्या येतात, ती पोरं अर्धा तास चिडीचूप. बाबांनी ओठ दुमडून तित्तराची साद घातली. एकदा, दोनदा. तुरीच्या ओळीतून उत्तर आलं. मग तो स्वतः आला, मान ताठ, अगदी चार पावलांवर, या भांडखोराला शोधत. कोणाच्या हातात काही नव्हतं. काकूंच्या नातवाने माझा दंड इतका आवळला की नखं उमटली. तित्तर इकडेतिकडे बघून तुरीत परत गेला तेव्हा कुठे पोरांनी श्वास सोडला. बाबा हसत होते. म्हणाले, "आता हा लेकराला म्हातारपणी पण आठवल."

भाच्याला मी हे सगळं लिहून पाठवलं आहे. त्या शेजाऱ्याला आणि त्याच्या मुलाला एका पहाटे बंदूक न घेता चल म्हण, पेटी मात्र आणायला सांग, असंही लिहिलं. अजून उत्तर नाही.

बाबांना आम्ही रविवारचा मेहनताना देतो, दिवसाच्या मजुरीइतका. शिकवणाऱ्याला देतो तसा, दान म्हणून नाही. मंडळाच्या वहीत तो 'पाठशाळा खर्च' या खात्यात लिहिला जातो, आणि त्यावर अजून दोघींची सही बाकी आहे.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला मंदिरासमोरून निघायचं आहे. गाळलेलं पाणी घरून आणा, डबा ऊन वर आल्यावरच उघडायचा. भडक रंगाचे कपडे नकोत, पैंजण नकोत. जीप एकच आहे, तेव्हा आधी कळवा.

जय जिनेंद्र.