आधी नाव सांगा, मग बाटली दाखवा



गेवराईच्या बाजारात औषधाच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहून पाहा. शेतकरी येतो, म्हणतो, "पराटीवर पांढरं पडलंय, काहीतरी द्या." बाटली मिळते, उधारी लिहिली जाते. कीड कोणती, हे ना कोणी विचारत, ना कोणी सांगत.

किड्यांची नावे लावणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आपल्याला वाटते. श्रीमंतांच्या काचघरातल्या ऑर्किडवर एक खवले कीड असते. १८६९ साली फ्रान्सच्या सिन्योरे यांनी तिला 'डायास्पिस बोइसदुवाली' हे नाव दिले. अशी कीड ओळखायची तर पाठीवरची ढाल काढून शेपटाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचे काय?

आहे. पराटीवरचा पिठ्या ढेकूण तिचाच भाऊबंद. पण दोघांच्या सवयी वेगळ्या. खवले किडीची मादी ढालीखाली एका जागी चिकटून बसते. ढालीवर पडलेले औषध आत पोचत नाही. ती चिकटा सोडत नाही. पिठ्या ढेकूण चालतो, मेणाचे पीठ पांघरतो आणि चिकटा सोडतो, म्हणून त्याच्यामागे मुंग्यांची रांग लागते. एवढा फरक तर बांधावरूनही दिसतो.

२००५ च्या सुमारास हा पिठ्या पाकिस्तानात आणि आपल्याकडे कापसावर तुटून पडला. पाकिस्तानात त्याला नवीच जात समजून नवे नाव दिले गेले. २००८ साली नमुने तपासल्यावर निकाल लागला : ही तर 'फेनाकोकस सोलेनोप्सिस', अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत मुंग्यांच्या वारुळात सापडलेली आणि टिन्सले यांनी १८९८ सालीच नोंदलेली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या नऊ राज्यांतल्या पाहणीतही मुख्यतः हीच निघाली.

याच पिठ्याच्या अंगात अंडी घालणारी एक बारीक गांधीलमाशी आपल्या शेतांत सापडली. २००९ साली अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी तिला 'एनासियस बांबावालेई' म्हटले. २०१४ साली कळले की हीसुद्धा अमेरिकेतली, आधीच नोंदलेली 'एनासियस अ‍ॅरिझोनेन्सिस'. म्हणजे चोर आणि त्याचा वैरी एकाच मुलखातले! नाव बरोबर लागले की कीड कुठली, तिचा वैरी कोण, हा सातबारा हाती येतो.

पराटीवर तपकिरी, टणक झालेला पिठ्या दिसला तर तो मेलेला आहे. त्याच्या पोटात आपली फुकटची मजूर वाढते आहे. त्यावर फवारणे म्हणजे पदरचे पैसे मोजून आपलाच राखणदार मारणे.

म्हणून जिल्हा बैठकीत एकच ठराव करू या. किडीसकट फांदी घेऊन गेलो की तालुक्याच्या ठिकाणीच ओळख पटवून मिळाली पाहिजे आणि नाव लेखी मिळाले पाहिजे. तोवर आपणही शिस्त पाळू : नाव कळल्याशिवाय पंप पाठीवर घ्यायचा नाही.