खांद्यावरची बॅग आणि मानेचे दुखणे

आपल्या भागातल्या नोकरदार माणसाचे निम्मे आयुष्य प्रवासात जाते, हे शहापूर-मुरबाडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आसनगावहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ८५ किलोमीटर. लोकलने जायला दोन तास, यायला दोन तास. माणूस डोळखांब किंवा किन्हवलीकडचा असेल तर त्याआधी एस.टी. नाहीतर जीप, मग शहापूरहून स्टेशनपर्यंत रिक्षा. मुरबाडकरांना दारात रेल्वे नाही, कल्याणपर्यंत एस.टी. आणि पुढे लोकल. या सगळ्या धावपळीत एक वस्तू सकाळपासून रात्रीपर्यंत अंगाला चिकटलेली असते, ती म्हणजे बॅग. चप्पल घेताना आपण चार पावले चालून बघतो, चष्मा डॉक्टरांना विचारून घेतो. बॅग मात्र रंग बघून आणि भाव पाडून घेतो. माझ्या मते बॅग ही आरोग्याची बाब आहे आणि ती त्याच गांभीर्याने निवडली पाहिजे.

मान एका बाजूला आखडणे, खांदा आणि पाठीच्या फऱ्यामध्ये ठसठसणे, संध्याकाळी बोटांना मुंग्या येणे, या तक्रारी रोज ये-जा करणाऱ्यांत नेहमीच्याच. त्यावर बहुतेकांचा उपाय ठरलेला असतो: मेडिकलमधून वेदनाशामक गोळी. दुखणे कशाने होते ते पाहू. एका खांद्यावर पट्टा अडकवला की तो घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा वर उचलून धरतो. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला स्नायू त्यामुळे सतत आवळलेला राहतो. आवळलेल्या स्नायूला रक्तपुरवठा कमी पडतो आणि तो दुखू लागतो. तोल सावरण्यासाठी शरीर दुसऱ्या बाजूला झुकते, म्हणजे कंबरही कामाला लागते. पट्टा अरुंद असेल तर गळ्याच्या हाडाजवळून हातात जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब येतो. मुंग्या त्यामुळेही येतात. गोळीने वेदना दबते, बॅग खांद्यावर तशीच राहते. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज घेतल्या तर जठराला व्रण पडू शकतो आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो. रक्तदाब आणि मधुमेह असणाऱ्यांनी तर अधिकच जपावे.

आपल्या पाड्यांवरच्या माणसाला हे पुस्तक न वाचता कळलेले आहे. कावड घेणारा दोन्ही टोकांना सारखे वजन बांधतो. मोळी आणणारी बाई ती डोक्यावर, कण्याच्या सरळ रेषेत ठेवते. डोक्यावरचे ओझे मानेला सोसते असे मी म्हणत नाही, त्याचीही दुखणी आहेतच. पण एका खांद्याला ओझे लटकावून दोन कोस चालण्याचा विचार तिथे कुणी करणार नाही. तो आपण शिकले-सवरलेले करतो.

शाळकरी मुलांच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ठरवून दिले. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही तीच मर्यादा आहे. मोठ्यांसाठी असा नियम कुणी केला नाही, पण हाच अंदाज आपणही धरायला हरकत नाही. एकदा आपली भरलेली बॅग वाण्याच्या काट्यावर ठेवून बघा. लिटरभर पाणी म्हणजे तिथेच एक किलो झाले. त्यात तीन पुडांचा स्टीलचा डबा, छत्री, मोबाईलचा चार्जर, कुणाकुणाचा लॅपटॉप, आणि गेल्या दिवाळीपासून तळाशी पडून असलेले कागद. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या खांद्यावर सहा-सात किलो सहज होतात. परतताना कल्याणला घेतलेली भाजीची पिशवी हातात असते ती वेगळी, आणि त्याच गाडीने येणारे यजमान बहुधा रिकाम्या हाताने पेपर वाचत असतात. पाणी अर्धी बाटली न्यावे, कार्यालयात पुन्हा भरून घ्यावे. रविवारी बॅग उलटी करून झटकावी.

आता बॅग कोणती? दोन्ही खांद्यांवर घ्यायची सॅक, हे माझे सरळ उत्तर. पट्टे किमान दोन बोटे रुंद आणि आतून मऊ असावेत. ते इतके आवळावेत की बॅगेचा तळ कंबरेच्या खाली लोंबू नये. जड वस्तू पाठीलगत, हलक्या बाहेरच्या बाजूला.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे सॅक शोभत नाही, कॉलेजकुमारासारखे दिसते, साडीवर तर विचित्रच. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. जी वस्तू घेऊन चारचौघांत संकोच वाटतो ती माणूस चार दिवसांत माळ्यावर टाकतो. पण शोभणे हेही सवयीचे असते. एके काळी प्राध्यापक, पत्रकार, कार्यकर्ते यांच्या खांद्याला शबनम असायचीच आणि तिची ऐट होती. आज काळ्या, गडद निळ्या, तपकिरी रंगाच्या, साध्या चौकोनी सॅक मिळतात. बँकेत किंवा पंचायत समितीच्या कार्यालयात त्या मुळीच वावग्या दिसत नाहीत. स्त्रियांसाठी लहान, अरुंद सॅकही येतात. तरीही एकाच पट्ट्याची बॅग हवी असेल तर रुंद पट्ट्याची घ्यावी आणि ती छातीवरून तिरकी अडकवावी. खांदाही बदलावा: आसनगावहून निघताना उजवा, कल्याण आले की डावा.

गर्दीच्या डब्यात सॅक पुढे घ्यावी किंवा रॅकवर टाकावी. दारात उभे राहणाऱ्याची सॅक पाठीवर असेल तर मागच्या माणसाच्या रेट्यात तोल जाण्याचा धोका खरा आहे.

टिकाऊपणाचा विचार आपल्याकडे पावसापासून सुरू करावा लागतो. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे ज्या तालुक्यात आहेत तिथे चार महिने काय कोसळते ते सगळे जाणतात. चामड्याची बॅग देखणी खरी, पण श्रावण येईतो तिला बुरशी धरते. रेक्झिनचे पापुद्रे दोन पावसाळ्यांत सुटू लागतात. आतून लेप दिलेले जाड नायलॉन किंवा पॉलिस्टर त्या मानाने बरे. दुकानात रंगाच्या आधी पट्टा जिथे जोडला आहे ती जागा बघावी. तिथे चौकट आणि फुली अशी दुहेरी शिवण असेल तर पट्टा टिकतो, एकेरी असेल तर तो तिथेच उसवणार. चेन दहा वेळा पुढे-मागे ओढून बघावी. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नये. कापडातून नाही तरी शिवणीतून आणि चेनमधून पाणी शिरतेच. महत्त्वाचे कागद जाड प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवावेत, आणि ओली छत्री आत मुळीच कोंबू नये.

ओलसर बॅगेत वाढणारी बुरशी दमेकऱ्यांना आणि ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास देते. डब्यातले तेल सांडले तर त्याच रात्री पुसावे, ऊन मिळेल त्या दिवशी सगळ्या चेन उघडून वाळवावी. आणि डब्याच्या जमिनीवर टेकवलेली बॅग घरी आल्यावर अंथरुणावर किंवा पोळपाटाशेजारी ठेवू नये.

इतके करूनही दुखणे दोन-तीन आठवड्यांत हटले नाही, हाताला बधिरपणा आला, मुठीतली ताकद कमी वाटली, तर डॉक्टरांना दाखवावे. छातीत दाटून डाव्या खांद्यात किंवा हातात कळ येत असेल, घाम सुटत असेल, दम लागत असेल, तर ते बॅगेवर ढकलून लोकल पकडायला धावू नये. तो हृदयविकार असू शकतो. तडक रुग्णालय गाठावे.

राहता राहिली किंमत. दरवर्षी स्वस्तातली नवी घेण्यापेक्षा एकदाच बरी घेऊन ती दुरुस्त करत वापरणे परवडते. पट्टा उसवू लागला की पूर्ण तुटायच्या आधी बाजारातल्या कारागिराकडून जाड दोऱ्याने शिवून घ्यावा. चेनचा रनरही तोच बदलून देतो. हे काम मे महिन्यातच उरकावे. जूनमध्ये त्याच्यापुढे छत्र्यांचा ढीग असतो.