जवारी आधी, डबी नंतर

इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य आता आपल्या घरांना परके राहिलेले नाही. ज्या माजघरात एकेकाळी पायपेटी आणि तबल्याची जोडी ह्यांचेच राज्य होते, तेथे आज भिंतीला टेकवून ठेवलेली गिटार आणि कोपऱ्यातला काळा ॲम्प्लिफायर दिसू लागला आहे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीसमोर बसून पालक जे प्रश्न विचारतात, त्यांत म्हणूनच हल्ली एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. “गिटार घेऊन दिली, ॲम्प्लिफायर घेऊन दिला, आता चिरंजीव पायाने दाबायच्या डब्या मागतात. एकीने भागत नाही, लगेच दुसरी हवी म्हणतात. हा हट्ट पुरवावा काय?”

प्रश्न वरवर पैशाचा दिसतो. वस्तुतः तो नादाचा आहे. आणि ज्या घरात तानपुरा लागला की मोठी माणसे बोलायची थांबतात, त्या घराला तो समजण्यास मुळीच अवघड नाही.

षड्ज तोच असला तरी सनईचा, सारंगीचा आणि सतारीचा षड्ज आपण डोळे मिटूनही वेगवेगळा ओळखतो. स्वराच्या उंचीपलीकडचा हा जो गुण, त्यालाच गिटारवाले ‘टोन’ म्हणतात. आपण त्यास नादगुण म्हणू. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे जे उपस्वर उमटतात, त्यांच्या कमीअधिक प्रमाणावर हा गुण मुख्यतः ठरतो. आमच्या सीमाभागातून मिरज काही दूर नाही. तेथील कारागीर तानपुऱ्याची घोडी कानशीने घासून तिला जो अतिसूक्ष्म उतार देतात, त्यातून जवारी निघते. तारेखाली सुताचा धागा योग्य जागी सरकविला की नाद एकाएकी उघडतो आणि कोणी न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येऊ लागतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली ह्याच गोष्टीचा शास्त्रीय विचार मांडला. तारेच्या ज्या बिंदूवर छेडले असता एखादा उपस्वर उमटू नये असे नियम सांगतो, तेथे छेडूनही तो तानपुऱ्यात व वीणेत उमटतो, हे त्यांनी दाखविले आणि त्याचे श्रेय घोडीच्या घडणीला दिले. तात्पर्य, नाद मुळाशी घडवावा लागतो. जवारी बिघडलेला तानपुरा ध्वनिक्षेपकापुढे ठेवला, तर मोठा होतो तो बिघाडच.

गिटारची गोष्ट ह्याहून निराळी नाही. तिच्या तारांखाली ‘पिकअप’ नावाचा भाग असतो. लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढीच त्याची रचना. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अत्यल्प विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तोच पुढे ॲम्प्लिफायर मोठा करतो. घोडीजवळचा पिकअप धारदार, काहीसा कडक नाद देतो. मानेजवळचा गोल व गोड. कारण घोडीच्या लगत उपस्वरांचा वाटा मोठा असतो, तर मानेकडे मूळ स्वराचा झोका अधिक असतो. फेंडर कंपनीने १९५४ साली आणलेल्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटारमध्ये असे तीन पिकअप होते, ते ह्याच विविधतेसाठी.

ह्यापुढचे उपाय जवळजवळ फुकट आहेत, आणि मुलांकडून नेमके तेच राहून जातात. तारा जुन्या, घामाने काळवंडलेल्या असतील तर नाद मंद होतो, त्या बदलाव्यात. पिकअप तारांच्या फार जवळ आला असेल तर त्याचे चुंबक तारेलाच ओढतात व स्वर डळमळतो. दोन स्क्रू फिरवून तो किंचित खाली घ्यावा. नखी, जिला मुले पिक म्हणतात, ती पातळ असेल तर नाद खुळखुळतो, जाड असेल तर भरीव होतो. घोडीपासून दोन बोटे अलीकडे छेडले आणि चार बोटे अलीकडे छेडले, तर एकाच गिटारच्या दोन गिटारी होतात. गिटारवरील टोनची कळ ही केवळ तीव्र उपस्वर कमी करणारी चाळण आहे. ती सदैव दहावरच ठेवावी असा काही दंडक नाही. आवाजाची कळही केवळ आवाजाची नव्हे. ॲम्प्लिफायर थोडा खरखरण्याच्या बेतात असताना गिटारची कळ दहावरून सहावर आणली की नाद निवळतो, पुन्हा वाढविली की तापतो. २०२३ साली निवर्तलेले इंग्रज वादक जेफ बेक यांनी उत्तरायुष्यात नखी बाजूला ठेवून अंगठ्याने व बोटांनी वादन केले. करंगळी आवाजाच्या कळीवर आणि तळहात कंपदांडीवर ठेवून त्यांनी तारेला जवळजवळ मानवी गळा दिला. तेवढे वैविध्य कोणत्याही डबीत भरून मिळत नाही.

आता ॲम्प्लिफायर. गिटारच्या बाबतीत हा नुसता भोंगा नव्हे, तो वाद्याचा अर्धा देह आहे, तानपुऱ्याला जसा भोपळा. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला त्याच्या शक्तीबाहेर ताणले की तो स्वराची शिखरे हळुवारपणे छाटतो, आणि त्या छाटण्यातून नवे उपस्वर जन्मतात. गिटारचा तो प्रसिद्ध तापलेला नाद म्हणजे एका अर्थी विजेची जवारीच होय. येथे एक मौज पाहावी. तापलेल्या नादात सा-ग-प एकत्र छेडले तर गंधार इतरांशी भांडतो व गढूळपणा येतो. म्हणून वादक केवळ सा आणि प छेडतात. आपल्या तानपुऱ्याच्या जुळणीतही बहुधा सा आणि पच असतात, गंधाराला वेगळी तार देत नाहीत. दोन जगांतील वादक एकमेकांना न विचारता शेजारच्याच वाटांनी गेले.

स्पीकरचेही तसेच. गिटारचा बारा इंची स्पीकर सेकंदाला सुमारे ५,००० कंपनांवरील स्वर फारसे बाहेर पडू देत नाही, आणि तेच त्याचे भूषण. घरचा म्युझिक सिस्टिम मात्र जवळजवळ २०,००० पर्यंतचे सारे काही ऐकवितो. म्हणून त्याला खरखरीची डबी थेट जोडली की मधमाश्यांचे मोहोळ उठल्याचा भास होतो. मुलगा म्हणतो डबी वाईट. दोष जोडणीचा असतो. आजच्या संगणकीय यंत्रांत स्पीकरची नक्कल करणारी सोय असते. ती चालू आहे ना, एवढे पाहिले तरी पुष्कळदा नवी खरेदी टळते.

बेस, मिडल व ट्रेबल ह्या तीन कळी प्रथम मध्यावर ठेवाव्यात. घरात एकट्याने, हलक्या आवाजात वाजविताना मुलांना मिडल काढून बाकीचे दोन वाढवावेसे वाटतात, कारण हलक्या आवाजात कानाला खर्जातले कमी ऐकू येते. परंतु तोच बेत मंडपात नेला की खर्ज बास गिटारच्या पायाखाली जातो, तीव्र स्वर झांजांत विरतात आणि आपला वादक हात हलविताना तेवढा दिसतो. गिटारचे खरे आसन मधल्या पट्टीत आहे.

एवढे झाल्यावर डब्यांकडे वळू. त्यांना तुच्छ लेखण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. त्यांचा जन्म मोठा रंजक आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ च्या एका गीतात, बिघडलेल्या यंत्रातून ग्रेडी मार्टिन यांचे वादन खरखरीत उमटले. ते पुसून न टाकता तसेच ठेवले गेले, आणि तो बिघाड मुद्दाम करून देणारी ‘फझ-टोन’ नावाची डबी १९६२ साली गिब्सन कंपनीने बाजारात आणली. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या एका गीताने तिला घरोघर पोहोचविले. इंग्लंडच्या किंक्स वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस यांनी तर आपल्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरून १९६४ मध्ये तसलाच नाद काढला होता. म्हणजे वादकांच्या कानाला नाद आधी रुचला, डबी मागून आली. आज क्रम उलटला आहे, दुखणे आहे ते एवढेच.

आयरिश वाद्यवृंद यू-टूचे वादक ‘द एज’ यांचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे. प्रतिध्वनी देणाऱ्या ‘डिले’ यंत्राशी ते लयीत संवाद करतात. एक आघात हाताचा, पुढचा यंत्राचा, अशी त्यांची वीण असते. यंत्र काढले तर रचनाच उरत नाही. डबीचा असा उपयोग म्हणजे कला. उणीव झाकण्यासाठी केलेला उपयोग म्हणजे करपलेल्या भाजीवर मसाला.

डब्या जोडण्याच्या क्रमालाही अर्थ आहे. सामान्यतः आधी वाह व कॉम्प्रेसर, मग खरखरीची म्हणजे ओव्हरड्राइव्ह वा फझ, नंतर नाद लहरविणारी कोरस, त्यापुढे डिले आणि अखेरीस घुमारा देणारी रिव्हर्ब. प्रतिध्वनी आधी आणि खरखर नंतर घेतली तर सारे प्रतिध्वनीही खरखरून एकमेकांत मिसळतात. फोडणी आधी, कोथिंबीर शेवटी, हे स्वयंपाकघरातले शहाणपण येथेही चालते. पहिली डबी घ्यायचीच तर आम्ही सुरात लावण्याचे ट्यूनर सुचवू. बेसूर गिटारला सुंदर नाद नसतो. ते काम मोबाइल फोनवरही होते. दुसरी, मंद ओव्हरड्राइव्ह. १९७९ पासून प्रसिद्ध असलेला हिरवा ‘ट्यूब स्क्रीमर’ मधल्या पट्टीला उठाव देतो, म्हणून घोळक्यातही ऐकू येतो. अशा डबीची ड्राइव्हची कळ खाली व लेव्हलची वर ठेवून पाहावी.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. गिटारमधून येणारी घूंऽऽ अशी गुरगुर पुष्कळांना छळते. एकेरी वेढ्याच्या पिकअपमध्ये ती घरातील ५० आवर्तनांच्या विजेमुळे शिरते. गिटार घेऊन थोडे वळले, ट्यूबलाइट वा डिमर बंद केला, तर ती उतरते. गिब्सनमधील सेथ लव्हर यांनी १९५५ साली दुहेरी वेढ्यांचा ‘हंबकर’ पिकअप रचला तो ह्याच त्रासासाठी. परंतु काही अर्धवट जाणकार मुलांना सांगतात की प्लगची तिसरी पिन काढून टाका, गुरगुर थांबेल. हे कदापि करू देऊ नये. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात आणि तिसरी पिन त्या सांगाड्याला जमिनीशी जोडते. ती नसताना आत बिघाड झाला, तर जिवंत वीज मुलाच्या बोटांखालच्या तारेत येते. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वी हे वादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होताच रंगमंचावर गतप्राण झाले. १९७६ साली यार्डबर्ड्सचे गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजविताना विजेच्या धक्क्याने गेले. तेव्हा कोणतीही डबी घेण्यापूर्वी वायरमन बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा, आणि उत्सवाच्या मंडपात मुलाने तारेला हात लावण्याआधी तेथील जोडणी कोणी पाहिली आहे, हे मोठ्यांनी विचारावे. त्यात संकोच नको.

हट्ट पुरवावा काय, ह्यावर आमचे उत्तर असे. मुलाला साऱ्या डब्या बाजूला ठेवून एकच स्वर छेडायला सांगावे आणि तो विरेपर्यंत घरातल्यांनी ऐकावा. तो स्वर मऊ, कडक, जवळचा, दूरचा असा पाच तऱ्हांनी त्याला वाजविता आला, तर त्याचा कान तयार होत आहे. डबी अवश्य घेऊन द्यावी, आणि वर्षभर तीच एक असावी. येत नसेल तर रागावू नये. नव्या तारांचा एक संच आणून द्यावा आणि रोज थोडा वेळ त्याच्याजवळ ऐकत बसावे. आपल्या मुलांना वाद्य कोणतेही आवडो. ऐकण्याची शिस्त मात्र आपल्याच घरातून त्यांना मिळावी, एवढी आमची अपेक्षा आहे.