औषधी मनुका बिनगंधकाचीच हवी

द्राक्षांच्या जिल्ह्यात व्यवसाय करीत असूनही आपण मनुका केवळ रंगावर पारखून घेतो, हे आम्हांस खटकते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात फळांमध्ये मृद्वीकेस श्रेष्ठत्व दिले आहे. द्राक्षासव, द्राक्षारिष्ट, द्राक्षावलेह हे कल्प तिच्यावरच उभे आहेत. असे असता तिच्या शुष्कीकरणाविषयी आपण उदासीन का?

बाजारातील सोनेरी-पिवळ्या बेदाण्यास बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. त्या धुराने फळ काळवंडत नाही, बुरशीही रोखली जाते. परंतु फळात उरणाऱ्या सल्फाइटमुळे दम्याच्या काही रुग्णांत श्वासनलिका आकुंचन पावते, हे आधुनिक वैद्यकाने नोंदविले आहे. श्वास-कासाच्या रुग्णास द्राक्षा द्यावी आणि तीच त्याच्या वेगास निमित्त व्हावी, याहून मोठी विसंगती कोणती? औषधनिर्मात्यांचाही प्रश्न आहेच. सल्फर डायऑक्साइड किण्वाची वाढ रोखते, म्हणजे संधानाच्या मुळावरच येते.

गंधक आपल्याच रसशास्त्रातील द्रव्य, असे कोणी म्हणेल. परंतु शोधित गंधक मात्रेने देणे आणि जळत्या गंधकाचा अंश नकळत पोटात जाणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

उपाय अवघड नाही. निफाड-दिंडोरी भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्व, गोड द्राक्षे मुबलक असतात. ती स्वच्छ धुऊन, देठ काढून, उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवावीत. सालीवरील मेणाचा थर सैल होऊन आतील ओलावा लवकर निघतो. मग निथळून जाळीवर एकेरी थरात, वर पातळ कापड घालून, हवेशीर जागी वाळवावीत. रात्री व अवकाळी पावसात आत घ्यावीत. दाबल्यावर रस न येता फळ चिवट लागले की कोरड्या बरणीत भरावे. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो मनुका मिळते. ती तपकिरी किंवा काळपट होईल. तो दोष नव्हे, गंधक नसल्याची ती खूण आहे. मात्र बुरशीचा वास येणारा दाणा निःसंकोच टाकावा. मधुमेही रुग्णास ही मनुकाही मोजूनच द्यावी, कारण वाळल्याने शर्करा एकवटते.

आमचे आग्रहाचे सांगणे इतकेच : वैद्यबंधूंनी रुग्णास ही कृती लिहून द्यावी आणि औषधनिर्मात्यांनी हंगामापूर्वीच बागाईतदाराशी बोलून बिनधुरीचा माल ठरवून घ्यावा. ग्राहक रंग मागतो म्हणून व्यापारी धुरी देतो. आपण गुण मागू लागलो, तर तोही बदलेल.